वाडीवस्तीवर स्पायरोमेट्री: सीओपीडीच्या पाहणीसाठी चाचणी कशी घ्यावी

कोकणात धाप लागणाऱ्या प्रत्येकाला ‘दमा’ असतो. वर्षानुवर्षं विडी ओढलेला खलाशी, ओली लाकडं घालून चूल पेटवणारी आजी, टीबीतून उठलेला गडी, चिरेखाणीवरचा कामगार: सगळ्यांच्या जुन्या कागदांवर तोच एक शब्द. यातला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार, नुसत्या स्टेथोस्कोपने वेगळा काढता येत नाही, फुंकर मोजावी लागते. तीच स्पायरोमेट्री.

आधी हंगाम बघा. लावणीत माणसं शेतात असतात, गणपतीत आणि शिमग्यात घरं चाकरमान्यांनी भरलेली. त्याहून महत्त्वाचा धूर. एकाच माणसाची पहिली चाचणी राब भाजायच्या दिवसांत आणि दुसरी पावसानंतर घेतलीत, तर सुधारणा औषधाची की धूर थांबल्याची, हे कुणालाच सांगता येणार नाही. औषधाची चाचणी असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या देशाच्या औषधचाचण्यांच्या नोंदवहीतली नोंदणी पहिल्या माणसाला घेण्याआधी पूर्ण हवी. संमतीपत्रक मराठीत वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना पथकाबाहेरचा साक्षीदार समोर बसलेला हवा.

यंत्र एसी गाडीतून काढून लगेच वापरू नका. दमट हवेत थंड सेन्सरवर दव धरतं आणि आकडे बिघडतात. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग खोलीचं खरं तापमान यंत्रात भरा. रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने तपासणी करा: एकदा सावकाश, एकदा मध्यम, एकदा जोरात. तिन्ही वेळा उत्तर २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत हवं. सिरिंजही त्याच खोलीत ठेवा, उन्हात तापलेल्या जीपमध्ये नको. पडवीत बसून चाचणी घ्यायचा मोह होतो, पण खारा वारा तिथेच घात करतो. प्रवाह मोजणारा सेन्सर शून्यावर आणताना त्यातून वारा गेला, की यंत्र त्या वाऱ्यालाच शून्य समजतं. मग माणसाने फुंकणं थांबवलं तरी आलेख चढतच राहतो किंवा खाली उतरू लागतो. माजघरात बसा, पंखा बंद करा, शून्य करताना सेन्सरचं तोंड झाका. फिल्टर दर माणसाला नवा.

कुणाची चाचणी घेऊ नये, हे पथकातल्या प्रत्येकाला पाठ हवं. हृदयविकाराचा झटका येऊन आठवडा झाला नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आठवड्याच्या आतलं आहे, छातीचं किंवा पोटाचं चार आठवड्यांच्या आतलं आहे, थुंकीतून रक्त पडतं, किंवा टीबीचा संशय आहे: अशांना थांबवा. टीबीच्या संशयिताची थुंकी आधी तपासायला पाठवा. जुना, बरा झालेला टीबी मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याची नोंद हवीच, कारण तोही श्वासनलिका कायमच्या अरुंद करून जातो.

साधा सल्ब्युटामॉलचा पंप ४ ते ६ तास आधीपासून बंद ठेवायचा, दिवसात दोनदा घ्यायची दीर्घ परिणामाची औषधं २४ तास, टायोट्रोपियमसारखी ३६ ते ४८ तास. तासभर विडी नको. घाटी चढून आलेल्याला बसवून ठेवा, दम खाली बसू द्या. उंची चपला काढून मोजा, पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून वाव मोजा. तंबाखूची गोळी थुंकायला लावा, कमरेला घट्ट कसलेलं सैल करा. कवळी पक्की असेल तर राहू द्या, हलत असेल तरच काढा.

आता फुंकर. आधी स्वतः करून दाखवा. ताठ बसायचं, नाकाला चिमटा, छाती गच्च भरेपर्यंत श्वास, ओठ नळीभोवती घट्ट आणि एका दमात स्फोटासारखी फुंक. मग ‘अजून, अजून, अजून’ म्हणत राहायचं; इथे ओरडायची लाज वाटली तर चाचणी गेली. शेवटच्या सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा निघेपर्यंत किंवा १५ सेकंद होईपर्यंत सोडू द्यायचं नाही. सुरुवात रेंगाळली, मध्ये खोकला आला, जीभ नळीत गेली, गाल फुग्यासारखे फुगले: ती फुंकर बाद. निदान तीन चांगल्या हव्यात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोनमधला फरक १५० मिलिलिटरच्या आत. आठ फुंकरांत जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोलवा. लवकर सोडलेल्या फुंकरीत एकूण हवा कमी मोजली जाते, गुणोत्तर (पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण हवा) फसवं चांगलं दिसतं आणि खरा सीओपीडीवाला निरोगी ठरून घरी जातो.

मग स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून, सल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, एकेक करून. १५ मिनिटं थांबून पुन्हा फुंकर. औषधानंतर पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण हवा ०.७० च्या खाली असेल, सोबत लक्षणं आणि धुराचा किंवा विडीचा इतिहास असेल, तर सीओपीडी. गुणोत्तर ०.६० ते ०.८० मध्ये असेल तर एका चाचणीवर शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. ०.७० हा सरसकट आकडा म्हाताऱ्यांना उगाच आजारी ठरवतो आणि तरुणांचा आजार झाकतो. म्हणून निरोगी माणसांची वयानुसारची खालची मर्यादाही शेजारी लिहावी.

औषधाने किती फरक पडला, याचा निकष आधीच लिहून ठेवा. समजा पहिल्या सेकंदातली हवा १.०० लिटरची १.२२ झाली आणि त्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाची अपेक्षित २.४० आहे. जुन्या नियमाने, म्हणजे १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढ, प्रतिसाद आला. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय नियमात वाढ अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त लागते. इथे ती ९.२ टक्के, म्हणजे आला नाही. निकाल पाहून नियम निवडणं हा संशोधनातला सर्वांत सोपा घोटाळा. अपेक्षित आकड्यांचं सूत्रही एकच धरा, यंत्र बदललं तरी.

प्रश्नावलीत ‘स्वयंपाक कशावर’ एवढं विचारून भागत नाही. गॅस असला तरी आंघोळीचं पाणी मागीलदारी करवंट्या-झावळ्यांवर तापतंच. रोजचे धुरातले तास गुणिले वर्षं असा हिशेब घ्या, काजू भाजणं, खाणीतली धूळ वेगळी लिहा. धाप किती, हे ठरवायच्या प्रश्नांतला ‘सपाट रस्ता’ इथे कळत नाही. ‘सड्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का’ असं विचारा.

उपचार सुरू झाल्यावर दर भेटीला पंप घेऊन दाखवायला सांगा. पावसाळ्यात श्वासातून ओढायच्या कॅप्सूलची पूड ओल धरते, गोळा होते आणि छातीत पोचत नाही. कॅप्सूल घ्यायच्या क्षणीच पाकिटातून काढायची, डबी चुलीजवळच्या फळीवर नको. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं.