उत्तरायणाला चॉकलेट टार्ट नेताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी माझा टार्ट गच्चीवर गेला तो सुरीला दाद देईना. शेवटी एका मैत्रिणीने तुकडा फिरकीच्या दांड्यावर आपटून मोडला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "सुखडी का गं? मस्त झालीय!" सुखडी म्हणजे गुजराती गूळपापडी. आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारात घरात संक्रांत असते आणि गच्चीवर उत्तरायण, म्हणजे त्याच दिवशीचा गुजराती पतंगांचा सण. उंधियू, जलेबी, चिक्की सगळेच आणतात, म्हणून मी टार्टचा हट्ट धरला होता. दोन-तीन वर्षं बिघडवल्यावर कळलं, की ज्या सवयींसाठी घरी आपल्या हाताचं कौतुक होतं, त्याच इथे नडतात.

सगळ्यात वाईट सवय मळण्याची. कणीक तिंबावी तितकी पोळी मऊ, हे लहानपणापासून हातात मुरलेलं. पण टार्टचं पीठ तिंबलं की मैद्यातल्या ग्लुटेनला ताण येतो, कवच चिवट होतं आणि भाजताना आकसून साच्याच्या कडेवरून खाली घसरतं. हे काम शंकरपाळ्याला मोहन चोळण्याच्या जवळचं आहे, फक्त तिथे मोहन कडकडीत, इथे लोणी फ्रीजमधलं थंडगार. नऊ इंची साच्याला 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी, 50 ग्रॅम पिठीसाखर. बोटांच्या टोकांनी रव्यासारखं होईतो चोळा, तळव्याची ऊब लागू देऊ नका. मग बर्फाचं पाणी एकेक चमचा, साधारण तीन चमचे. मुठीत दाबून गोळा धरला की हात बाहेर. अजून जरा मळावंसं वाटेल. मळू नका. आमच्यात दोघी जैन आहेत म्हणून मी अंडं घालत नाही, आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको.

गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग लाटा. साच्यात बसवताना कोपऱ्यात पारी कमी पडते म्हणून ओढून ताणलीत, तर भाजताना ती परत मूळ जागी जाते. त्यापेक्षा ठिगळ लावा; वर चॉकलेट येणार आहे, कोण बघतंय! बसवल्यावर आणखी वीस मिनिटं फ्रीजमध्ये.

कवच आधी रिकामंच भाजायचं. काट्याने टोचा, बटरपेपर घाला, वर राजमा किंवा वाल पसरा, नाहीतर तळ पुरीसारखा फुगतो. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 15 मिनिटं, मग कडधान्य काढून आणखी दहा-बारा. छोट्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वरची सळई कडा लवकर करपवते, म्हणून जाळी खालच्या खाचेत. पांढरट तळ म्हणजे कच्चा तळ. रंग ग्लुकोज बिस्किटाचा हवा. गार झाल्यावर आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवला की तळ ओला होत नाही. हे चॉकलेट वितळवताना भांडं कोरडं हवं. पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याचा लगदा होतो.

आता गनाश, म्हणजे क्रीम आणि चॉकलेटचं सारण. इथली दुसरी सवय म्हणजे उकळी. दूध वर येईपर्यंत हलायचं नाही, हे आपल्याला पक्कं शिकवलेलं असतं. क्रीमच्या कडेला बुडबुडे दिसले की लगेच गॅस बंद. चिरलेल्या चॉकलेटवर ते ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर हळूहळू ढवळा. परदेशी कृतींमधलं क्रीम 35 टक्के स्निग्धांशाचं असतं, आपल्याकडचं साधं फ्रेश क्रीम 25 टक्क्यांचं. त्यांचं निम्मं-निम्मं प्रमाण उचललंत तर काप उभा राहत नाही. मी 200 मिली क्रीमला 300 ग्रॅम डार्क चॉकलेट घेते. पाकिटावर कोको बटर लिहिलंय ना ते वाचा. कम्पाउंडमध्ये त्याच्या जागी वनस्पती तेल असतं आणि ते टाळूला मेणासारखं चिकटतं. गनाश फाटून तेल सुटलं तर घाबरू नका. चमचाभर कोमट दूध मधोमध घाला आणि तिथेच छोट्या गोलात ढवळत राहा, बहुतेक वेळा जुळून येतं.

दुसऱ्या वर्षी टार्ट खुसखुशीत झाला, पण चवीला लागला लसूण! उंधियूसाठी आणलेली लसणाची पात त्याच फ्रीजमध्ये, टार्ट उघडा. लोणी आणि चॉकलेट दोन्ही शेजारचा वास ओढून घेतात. घट्ट झाकणाचा डबा, दुसरा उपाय नाही.

कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. जानेवारीची हवा गार असली तरी दुपारी आमच्या गच्चीच्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. ऊन उतरल्यावरच टार्ट वर न्या, आणि कापून न्या. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, एक काप. परत बुडवायची, पुसायची. वर कापायला बसलात तर मांज्याने चिरलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या बोटांनी कुणीतरी मदतीला येतं आणि "काप्यो छे" (पतंग कापला!) ऐकू आलं की सुरी टार्टमध्ये तशीच सोडून कठड्याकडे पळतं.