क्लायंटला नवं तंत्रज्ञान पटवायचंय? वेगाचे आकडे आधी बाजूला ठेवा

क्लायंट जावा या प्रोग्रामिंग भाषेवर अडून बसला म्हणून त्याला जुनाट समजू नका. त्याला भीती एकच असते: तुम्ही गेल्यावर हे सांभाळणार कोण? याचं उत्तर प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर हवं.

नवखे फसतात ते बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेगाच्या तुलनेच्या आकड्यांमध्ये. समजा, एका रिक्वेस्टला ४०० मिलिसेकंद लागतात. त्यातले ३२० डेटाबेसमध्ये जातात, ५० बाहेरच्या एपीआयची (दुसऱ्या सिस्टिमशी बोलण्याच्या दुव्याची) वाट बघण्यात, आणि कोडच्या वाट्याला येतात जेमतेम ३०. भाषा बदलून कोड तिप्पट वेगवान केलात तरी वाचले २० मिलिसेकंद, म्हणजे एकूण वेळेच्या फक्त ५ टक्के. डेटाबेसमध्ये राहून गेलेला एखादा इंडेक्स (माहिती पटकन शोधून देणारी सूची) टाकूनही याहून जास्त वाचू शकतात, आणि क्लायंटकडचा मुरलेला इंजिनिअर भर मीटिंगमध्ये नेमकं तेच विचारतो. मग तुमचे खरे मुद्देही कुणी ऐकून घेत नाही. म्हणून आधी त्यांच्याच सिस्टिमवर, त्यांच्या खऱ्या लोडखाली प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) चालवा. वेळ खरोखर कोडमध्ये जात असेल तरच वेगाचा विषय काढा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर लोकांनी पसंती म्हणून दिलेले स्टार तर दाखवूच नका.

पटते ती परतीची वाट. टाइपस्क्रिप्ट या भाषेतल्या कोडमधून शेवटी जावास्क्रिप्टच तयार होते. कॉटलिन ही नवी भाषा आणि जावा यांच्या फाइली एकाच प्रोजेक्टमध्ये सुखाने नांदतात. त्यामुळे सगळी सिस्टिम नव्याने लिहायचं मागू नका, एकच मॉड्यूल, म्हणजे सिस्टिमचा एक सुटा भाग, मागा. रिपोर्टचं चालेल, बिलिंगचं नको. नाही जमलं तर जुन्यावर यायला किती दिवस लागतील, हेही लिहून द्या.

‘जुनं तेच सुरक्षित’ म्हणणाऱ्याला सपोर्टच्या, म्हणजे अधिकृत दुरुस्त्या मिळण्याच्या, तारखा दाखवा: पायथन भाषेच्या आवृत्ती २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. पण हीच कसोटी नव्यालाही लावा. २०१६ मध्ये वेबसाइट बनवायचं अँग्युलर २ हे फ्रेमवर्क आलं तेव्हा त्याच्याच आधीच्या अवतारातला, अँग्युलरजेएसमधला, कोड त्यावर तसाच चालत नव्हता. स्थिर १.० आवृत्ती नसलेलं काहीही क्लायंटच्या गळ्यात मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

‘भाषेचं नाव सांगूच नकोस, काम झालं की बघू’ असं शिकवणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. काम सोपवायच्या (हँडओव्हरच्या) दिवशी क्लायंटची टीम कोड उघडतेच.

नकार आला तरी धीर सोडू नका, तो बहुतेकदा तुमच्या कुवतीवर नसतो. कोणत्या अटीवर होकार देतील ते विचारून ठेवा. जुन्या आवृत्तीचा सपोर्ट संपत आला की अपग्रेडसाठी बजेट काढावंच लागतं; तेव्हा ताजी मोजमापं जोडून तोच प्रस्ताव पुन्हा मांडा.