गावातला कारस्थानी माणूस कथेत कसा उभा करावा

गावाकडच्या कथांमधला खलनायक बहुधा मिशांवरूनच ओळखू येतो. कडक सदरा, बोटांत अंगठ्या, दारात जीप. असा माणूस दमदाटी करेल, पण कारस्थान त्याच्याने व्हायचं नाही, कारण त्याला पाहताच गाव सावध होतं. खरा डाव टाकणारा तेरवीच्या पंगतीत वाढायला सगळ्यांत पुढे असतो. तोच कुणाच्या पोरीची सोयरीक जमवतो, तोच दवाखान्यात डबा पोचवतो. असा माणूस लिहायचा कसा, ते एक उदाहरण घेऊन पाहू.

यवतमाळकडचं कोरडवाहू गाव धरा. नाल्याकाठी चार एकर वावर. बाप वारला आहे. मागे मोठा श्रीराम, धाकटा वसंता आणि वर्ध्याला दिलेली बहीण सुमन. आपला कारस्थानी म्हणजे त्यांच्या शेजारचा कास्तकार, नानाजी.

आधी त्याची मागणी ठरवा

‘सत्ता’ किंवा ‘सूड’ असलं मोघम काही नको. सातबाऱ्यावर किंवा गावनकाशावर बोट ठेवून दाखवता येईल, असं काहीतरी हवं. नानाजीचं वावर भावांच्या वावरामागे आहे. पावसाळ्यात बैलबंडी आत न्यायला वाट नाही. त्याला धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून बंडी जाईल एवढी पट्टी पाहिजे, बस. मागणी इतकी साधी असली की वाचकाला मनातून ती पटते, आणि तिथेच तो नानाजीच्या बाजूला अर्धा सरकतो.

मग त्याला बाजूला ठेवा आणि बाकीचे लिहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. नवखे लेखक कारस्थानी माणसाच्या हुशारीवर पानं खर्च करतात. तो किती पुढचं पाहतो, कसा हसतो वगैरे. त्याची हुशारी वेगळी सांगावी लागत नाही. आजूबाजूच्या माणसांना काय हवंय आणि त्यातलं काय बोलायची त्यांना लाज वाटते, हे तुम्हाला नीट ठाऊक असलं की डाव आपोआप जुळतो.

एका कागदावर प्रत्येकाचं नाव लिहा. श्रीरामला बापानंतर घरचा कर्ता म्हणून मान हवाय. वसंताला वेगळं निघायचंय, पण दादासमोर तोंड उघडत नाही. सुमनला वावर नकोच आहे. बापाच्या तेरवीला भावांनी तिला साधं लुगडंही घेतलं नाही, ते तिच्या मनात आहे. हा कागद तयार झाला की नानाजीला कुणाकडून काही वेगळं करवून घ्यावंच लागत नाही. जो तो आपल्या मनातलंच करतो, फक्त नानाजीला सोयीच्या दिवशी.

जुन्या कथा याच वाटेने गेल्या आहेत. शकुनीचे फासे सगळ्यांना आठवतात. पण युधिष्ठिराला द्यूताची ओढ होती आणि बोलावणं आल्यावर नाही म्हणायचं नाही हा त्याचा नेम होता, त्याशिवाय ते फासे काय कामाचे? विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त तर गंमत अशी की चाणक्य समोरच्याच्या चांगुलपणालाच धरतो. नंदांचा अमात्य राक्षस याच्या मुद्रेची मोहोर असलेल्या पत्राने त्याच्या बाजूच्या मलयकेतूचा त्याच्यावरचा विश्वास उडतो खरा, पण राक्षस शेवटी शरण येतो तो मित्र चंदनदासाचा जीव वाचवायला. लोभी माणसाला फसवणं लिहायला सोपं असतं. भल्या माणसाला त्याच्या भलेपणात अडकवून पाहा, मग तुमचा कस लागेल.

त्याला खोटं बोलू देऊ नका

एका लग्नात नानाजीला सुमन भेटते. तो एवढंच बोलतो:

“कवा आली माय? तुया भावानं वारसाचा अर्ज टाकला म्हंते. तुयं नाव असनच त्यात. अन् नसलं तरी का फरक पडते, तुले का कमी हाये!”

यातलं एकही वाक्य खोटं नाही. उद्या तिने जाब विचारला, तर “म्या तं असनच म्हटलं होतं,” म्हणायला तो मोकळा. विष शेवटच्या वाक्यात आहे, आणि ते कौतुकाच्या सुरात आलंय. संवाद लिहून झाला की मोठ्याने वाचा. धमकी किंवा टोमणा ऐकू आला, तर ते वाक्य खोडा.

कागद आणि मिरग कामाला लावा

गावातल्या कारस्थानाला पिस्तूल लागत नाही, तारीख लागते. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची नोंद धरली की हरकतीला 15 दिवस मिळतात. सुमन हरकत घेते. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, म्हणजे तिची बाजू पक्की. प्रकरण सुनावणीला जातं. तिकडे 7 जूनच्या आसपास मिरग लागतो, पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं बियाणं आणि खत घ्यायचं असतं, आणि सातबारा वादात म्हणून पीककर्ज अडतं. अशा एका संध्याकाळी नानाजी पैसे घेऊन ओसरीवर येतो. व्याज मागत नाही. वाटेपुरती इसारचिठ्ठी करून द्या म्हणतो.

असा भाग लिहिण्याआधी तहसीलीत खेटे घातलेल्या एखाद्या माणसाशी बोलून घ्या. विदर्भात असा माणूस शोधावा लागत नाही.

डाव मध्येच फसू द्या

वसंताची बायको बचत गटातून कर्ज उचलते आणि बियाणं आणते. नानाजीच्या हिशेबात ती नव्हतीच. त्याच्या लेखी ती ‘वसंताची बायको’, तिला वेगळं काही हवं असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. कारस्थानी माणसाची चूक अशीच असावी. योगायोगाने, वीज पडून किंवा पोलीस येऊन तो हरला, तर वाचक तुम्हाला माफ करत नाही. तिचं नाव पहिल्या काही पानांतच येऊ द्या, गटाची बैठकही कुठेतरी सहज उल्लेखात टाका. आणि पकडला गेल्यावर नानाजीच्या तोंडी कबुलीचं भाषण घालू नका. तो दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर बसून बचत गटाची तारीफ करेल.

हीच गोष्ट पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकासाठी लिहायची असेल, तर क्रम उलटा करा. दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं गावोगावी रात्रभर चालतात. तिथे प्रेक्षकाला डाव आधी सांगावा, नानाजीला थेट त्यांच्याशी बोलू द्यावं, म्हणजे सुमनला सावध करायला अख्खा मंडप ओरडतो. सुनावणीचा प्रवेश तेवढा मध्यरात्रीच्या आत उरका. फेरफाराची भानगड ऐकायला पहाटे तीनला कुणी जागं राहत नाही.