एएमसी भरली म्हणजे झालं? लायसन्स सांभाळताना या चुका टाळा

आयटीत नवीन लागलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘सॉफ्टवेअर लायसन्स ट्रॅकिंगला कोणतं टूल घेऊ?’ घ्या की. जीएलपीआय आहे, स्नाइप-आयटी आहे, दोन्ही फुकट बसवता येतात. पण टूलमध्ये भरायची माहिती गोळा करायला सर्व्हर रूममध्ये उकिडवं बसावं लागतं, आणि तिथे यांचा उत्साह मावळतो. मग गेल्या वर्षीची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, उघडायची, ओळी कॉपी करायच्या, तारखांना लाल-हिरवा रंग द्यायचा आणि ‘सिस्टीम लागली’ म्हणून साहेबांना मेल ठोकायचा.

‘मागील वर्षाप्रमाणे’ रिन्यू करणं

चाकणच्या एका कारखान्यात याचा तमाशा पाहिला. ईआरपीच्या, म्हणजे माल, बिलं, हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सर्व्हरची एक डिस्क आधीच गेलेली, केशरी दिवा लागलेला. अनेक डिस्क एकत्र बांधायची रेड-५ ही पद्धत असल्यामुळे काम चालू होतं, म्हणून कोणी हलेना. महिनाअखेरीच्या शुक्रवारी रात्री दुसरी गेली. रेड-५ एक डिस्क सोसतं, दोन नाही. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, होती, पैसे वेळेवर गेलेले, शीटमधला तारखेचा रकाना हिरवागार. व्हेंडरच्या कॉल सेंटरने सीरियल नंबर विचारला आणि थंडपणे सांगितलं, ‘सर, हा नंबर आमच्या करारात नाही.’

झालं होतं असं, की वॉरंटीत असताना तो अख्खा सर्व्हरच बदलून मिळाला होता. कोणीतरी अॅसेट टॅगचं (कंपनीने मशीनला दिलेल्या क्रमांकाचं) स्टिकर जुन्यावरून सोलून नव्यावर चिकटवलं. कागदावर नंबर जुनाच राहिला. परचेसने डोळे मिटून पीओ काढली आणि केव्हाच परत गेलेल्या डब्याची एएमसी भरली. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सला येणारा इंजिनिअरही रिपोर्टवर तोच नंबर उतरवून सही घेऊन जात होता. शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून रोखीने डिस्क आल्या, बॅकअप चढवायला घेतला, आणि तोवर डिस्पॅचची माणसं सरकारी पोर्टलवर एकेक ई-वे बिल हाताने टाइप करत बसली. गेटबाहेर ट्रकची रांग.

म्हणून एएमसीचं कोटेशन आलं की मी त्याची प्रिंट घेऊन रॅकपाशी जातो. प्रत्येक मशीनच्या नंबरचा मोबाइलवर फोटो, जुळला की पेनाने टिक, आणि फोटो त्याच फोल्डरमध्ये. कमांड मारून नंबर मिळतो हे मलाही ठाऊक आहे. पण सर्व्हर रूमच्या प्रिसिजन एसीला कमांड कुठे मारणार?

लायसन्सचं खातं माणसाच्या मेलवर

ज्याने खरेदी केली त्याच्याच आयडीवर पोर्टल. तो नोकरी सोडतो, एचआर मेलबॉक्स बंद करतं, आणि रिन्यूअलच्या नोटिसा हवेत विरतात. डोमेन, फायरवॉल, एसएसएल (वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट), सगळीकडे हेच. आयटीचे दोघे आणि अकाउंट्सचा एक असा ग्रुप मेल आयडी करा. खरेदी करण्याआधी करा, नंतर नाही.

यात मायक्रोसॉफ्ट ३६५चं वार्षिक सबस्क्रिप्शन सगळ्यात जास्त चावतं. ते आपोआप रिन्यू होतं आणि सीट, म्हणजे माणशी घेतलेली लायसन्सं, कमी करायला त्यानंतर फक्त ७ दिवस मिळतात. आठव्या दिवशी कोणाला आठवलं, तर सोडून गेलेल्या लोकांच्या सीटचे पैसे वर्षभर भरा. त्यामुळे माझ्या शीटमध्ये संपण्याच्या तारखेआधी एक रकाना असतो: ‘निर्णय कधीपर्यंत’. रिमाइंडर त्याच तारखेला वाजतो, आणि त्या दिवशी एचआरकडून चालू माणसांची यादी मागायची. एसएसएलवाल्यांनी तर वार्षिक रिमाइंडर काढूनच टाका. १५ मार्च २०२६ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटला २०० दिवसांची मर्यादा, २०२९ मध्ये ४७ दिवसांची.

फुकट आहे, इन्स्टॉल कर

ओरॅकलच्या जावाचं सबस्क्रिप्शन जानेवारी २०२३ पासून माणसांच्या डोक्यावर मोजलं जातं, मशीनवर नाही. चार पीसीवर जावा आणि पगारपत्रकावर ६०० माणसं असतील, तर हिशोब ६०० चा. त्यात कंपनीच्या अंतर्गत कामाला लावलेले कंत्राटीही आले. ज्यांना फक्त एखादं जुनं अॅप चालवायचंय त्यांनी टेम्युरिनसारखं ओपनजेडीके (जावाचंच फुकट रूप) इन्स्टॉल करावं, आधी अॅपवाल्याला विचारून. फाइल झिप करणाऱ्या विनरारची चाचणी ४० दिवसांची असते. पुढे ते चालू राहतं म्हणून कंपनीत फुकट ठरत नाही. सेव्हन-झिप वापरा, विषय संपला.

बाकीचं पटापट. एएमसीतल्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ (सुट्या भागांसकट) शब्दावर भुलू नका, यूपीएसच्या बॅटऱ्या बहुतेक करारांत वगळलेल्या असतात. ‘४ तासांत रिस्पॉन्स’ म्हणजे चार तासांत फोन येईल, मशीन चालू होईल असं नाही. ओईएम विंडोज, म्हणजे मशीनसोबतच आलेलं, त्या मशीनबरोबरच भंगारात जातं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपन्यांना पैसे देऊन सिक्युरिटी अपडेट मिळतात, पण दुसऱ्या वर्षी जागे झालात तर पहिल्या वर्षाचेही भरावे लागतात.

आणि क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडून वापरलेलं सॉफ्टवेअर. ‘तात्पुरतं टाकतो, बजेट आलं की घेऊ’ हे वाक्य मी आता ऐकूनच घेत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-बी: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कलम ६९ प्रमाणे कंपनीचा कारभार ज्याच्या हाती तोही गुन्हेगार धरला जातो. बजेट अडवून बसलेल्या साहेबांना या दोन कलमांची झेरॉक्स द्या, मंजुरी लवकर येते.