दिमित्सानाला जाताय? आधी पाणी बघा
ग्रीसमध्ये, पेलोपोनीझच्या डोंगरात, लूसिओस नदीच्या घळीवर सुमारे ९५० मीटर उंचीवर दिमित्साना वसलंय. दगडी घरांचे फोटो नंतर काढा. आधी गावाबाहेरचं जलशक्ती संग्रहालय गाठा. मंगळवार टाळा, तेव्हा ते बंद असतं. झऱ्याच्या पाण्यावर इथे पिठाची गिरणी चाले आणि बंदुकीची दारूही कुटली जाई. पाणचक्की फिरली की लाकडी मुसळं धपाधप उखळात पडतात. त्यात कोळसा, गंधक आणि सोरा. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात ही दारू लढवय्यांना पुरवली गेली. काडतुसांना कागद हवा म्हणून गावच्या ग्रंथालयातली पुस्तकंही फाडली (वाचणाऱ्याला चुटपुट लागतेच!). घळीतल्या मठांकडे उतरणार असाल तर चांगल्या पकडीचे बूट घाला. खांदे-गुडघे झाकतील असेच कपडे हवेत.