निवडणूक शाखेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस, अशीच माझी समजूत होती. पहिल्याच ग्रामपंचायत निवडणुकीने ती मोडीत काढली, कारण त्या दिवशी केंद्रावर जो गोंधळ उडाला त्याचे मूळ आम्ही कित्येक आठवडे आधी तयार केलेल्या एका यादीत होते.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग ही वेगळी संस्था आहे. दोन्हींचे काम जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच होत असल्याने नवीन कर्मचारी एकाच्या सूचना दुसऱ्याला लावतो आणि फसतो. हातातले परिपत्रक कोणत्या आयोगाचे आहे, हे आधी पाहावे. संस्थेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे राज्यघटनेत स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात मात्र इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला आणि अनेक संस्थांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले. मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी प्रभाग रचना, मग आरक्षणाची सोडत, मग प्रभागनिहाय मतदार यादी आणि त्यानंतर प्रत्यक्ष निवडणुकीचा कार्यक्रम. प्रभाग रचना २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर होते. हद्दी शक्यतो रस्ता, नाला, ओढा अशा ठळक खुणांवरून आखतात, प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवतात आणि सुनावणीनंतर रचना अंतिम होते. सोडतीला गावकरी गर्दी करतात, कारण काचेच्या बरणीतून शाळकरी मुलाने काढलेल्या चिठ्ठीवर कोणाचे तिकीट राहते आणि कोणाचे जाते ते ठरते. मतदार यादीच्या प्रारूपाकडे मात्र कोणी फिरकत नाही, आणि खरा धोका तिथेच असतो.

ही यादी आपण नव्याने तयार करत नाही. आयोगाने ठरवलेल्या दिनांकाची विधानसभेची यादी घेऊन तिची फक्त प्रभागनिहाय विभागणी करतो. नवीन नाव घालणे किंवा मयताचे नाव वगळणे आपल्या अधिकारात नसते. आलेल्या माणसाला हे पहिल्याच वाक्यात, पण नीट बसवून सांगावे, नाहीतर तो तीन वेळा हेलपाटे घालतो. आपल्या हातात राहते ते एवढेच की, मतदार राहतो त्याच प्रभागात त्याचे नाव पडले पाहिजे.

माझ्या त्या पहिल्या गावात दोन प्रभागांची हद्द एका बोळावरून जात होती. विधानसभेची यादी बोळाच्या हिशेबाने लावलेली नसते, आणि आम्ही कार्यालयात बसून घर क्रमांकांच्या भरवशावर रेघ मारली. हरकतींची मुदत कोरडी गेली. मतदानाच्या सकाळी एक आजोबा केंद्राबाहेर काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमची म्हातारी तीन नंबरात आणि मी दोन नंबरात, आम्ही वेगळे कधी निघालो?" लोक हसले, मला हसू आले नाही. तेव्हापासून अंतिम होण्याआधी प्रारूप यादी घेऊन मी तलाठी आणि कोतवालासोबत हद्दीवरची घरे पायी फिरतो. यात एक दिवस मोडतो, पण नंतरचे दहा वाद टळतात.

नामनिर्देशनाच्या टप्प्यात निर्णय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा असतो. आपण पोचपावतीवर वेळ अचूक घालावी आणि जोडलेल्या कागदांची नोंद ठेवावी. या नोंदी किती महत्त्वाच्या असतात ते डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांत दिसले. काही ठिकाणी छाननीविरुद्धच्या अपिलांचे निकाल उशिरा लागले, माघारीसाठी नियमाने मिळायचे दिवस उमेदवारांना मिळाले नाहीत, आणि तिथले मतदान २ ऐवजी २० डिसेंबरला घ्यावे लागले. त्यापायी सगळ्याच ठिकाणची मतमोजणी २१ डिसेंबरपर्यंत थांबली.

मतदान केंद्रावर नेमणूक झाली तर एक फरक ध्यानात ठेवावा: इथे बहुतेक ठिकाणी एका मतदाराला एकापेक्षा अधिक मते द्यायची असतात. ग्रामपंचायतीच्या प्रभागात दोन किंवा तीन सदस्य आणि शिवाय थेट सरपंच असतो. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी असते, प्रत्येकीत ‘नोटा’ असतो, आणि सर्व जागांसाठी बटन दाबल्याशिवाय शेवटची लांब बीप वाजत नाही. विधानसभेची सवय असलेला मतदार एक बटन दाबून निघतो आणि रांग खोळंबते. शाई लावणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येकाला "इतकी बटने दाबायची आहेत" असे सांगितले, की हा प्रश्न बहुतांशी मिटतो. मात्र हे सांगताना कोणत्याही चिन्हाकडे बोट जाऊ देऊ नये. उमेदवारांच्या प्रतिनिधींचे डोळे तिथेच असतात.

मतदानाची वेळ संपताना रांगेत लोक उभे असतील तर केंद्राध्यक्ष त्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या देतात, आणि चिठ्ठी क्रमांक एक रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हाती पडते. मग वाटप पुढे सरकते. पहिल्या खेपेला मी दाराकडून वाटत सुटलो होतो आणि शेपटाला नवे लोक येऊन चिकटतच राहिले. केंद्राध्यक्षांनी काही न बोलता चिठ्ठ्या माझ्या हातून घेतल्या आणि ते रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.