साडेसहाची ठाणे लोकल कशी पकडावी

ऐरोलीच्या आयटी पार्कात मी अकरा वर्षं काढली. पहिली सहा वर्षं रात्री दहाच्या आधी क्वचितच निघाले, आणि त्याचा तोराही मिरवला! मग एकदा गाडीत अशी झोप लागली, की गाडी ठाण्याहून परत फिरून तुर्भ्याला आली तेव्हा जाग आली.

ऑफिसातून वेळेवर निघायचं, तर सुरुवात वहीपासून करा. दोन आठवडे आल्या-गेल्याची वेळ लिहा, शेजारी त्या तासांत नेमकं काय झालं तेही. माझ्या एका मंगळवारी साडेअकरा तास निघाले. त्यातले अडीच तास साहेब कधी उठतात याची वाट बघण्यात गेलेले. आठवड्याची बेरीज ५५ किंवा जास्त येत असेल तर सावध व्हा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सांगितलं होतं, की ३५-४० तासवाल्यांपेक्षा अशांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त.

मग साहेबांशी बोला. नुसतं 'जमणार नाही' नको. "सर, हे आज हवं असेल तर कालचा रिपोर्ट गुरुवारी देते. आधी कोणतं करू?" माझ्या साहेबांनी दोनदा तोंड वाकडं केलं, तिसऱ्यांदा स्वतःच क्रम लिहून पाठवला.

निघण्याआधी दहा मिनिटं नोंद टाका: काय झालं, काय राहिलं, फाइल कुठे आहे. हे न करता वेळेवर पळणं म्हणजे माझ्या मते कामचुकारपणाच.

रात्रीच्या व्हॉट्सॲपचं मात्र मला अजून जमलेलं नाही. ग्रुप म्यूट करते, आणि भाजी फोडणीला टाकता टाकता बघतेच.